न झालेल्या बाईचा दिनविशेष

माझ्या नोकरीचं एका वाक्यात वर्णन करायचं, तर मी रोज पेणहून रोह्याला जातो आणि मुलांना युरोप सांगतो. आमच्या शाळेला जोडून कनिष्ठ महाविद्यालय आहे. त्यामुळे नववी-दहावीला पुस्तकात असेल ते, आणि बारावी कलेला युरोपातलं प्रबोधन, वसाहती, दोन महायुद्धं. सकाळची एसटी पकडायची, वडखळ, गडब, नागोठणं करत भिसे खिंड उतरायची की रोहा. संध्याकाळी हेच उलट. तीस वर्षं झाली. इतकी वर्षं जग शिकवलं आणि स्वतः मात्र या चाळीस किलोमीटरच्या पट्ट्यात अडकून पडलो, याचा मला कधी कधी फार राग येतो. वडखळ नाक्यावर गाडी अर्धा अर्धा तास उभी राहिली की जास्तच येतो.

मला राग तसा लवकरच येतो. वर्गात एखाद्याने उत्तराची सुरुवात "असं म्हणतात सर" अशी केली की माझं डोकं फिरतं. कोण म्हणतं? कुठे लिहिलंय? पुरावा काय? इतिहास म्हणजे गावगप्पा नाहीत, हे वाक्य मी इतक्या वेळा बोललोय की मुलं माझी नक्कल करताना तेच म्हणतात. अशा माणसाने सगळ्या शाळेसमोर, माइकवरून, एक धडधडीत थाप मारली आणि पुढे दहा वर्षं त्या थापेत अडकून पडला, ही गोष्ट मला सांगायची आहे.

त्या थापेचं नाव मी इथे लिहिणार नाही. ते आधीच पुष्कळ ठिकाणी लिहिलं गेलंय.

आमच्याकडे शाळा परिपाठाने सुरू होते. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, बातम्या आणि मग दिनविशेष. म्हणजे आजच्या तारखेला जगात कोण जन्मलं, कोण गेलं. दिनविशेष इतिहासाच्या शिक्षकाने बघायचा, ही आमच्या शाळेतली जुनी पद्धत. आदल्या दिवशी मी चिठ्ठी करून ठेवायचो: एक सेनापती, एक शास्त्रज्ञ, एखादा तह. मुलं उन्हात उभी राहून डोळे बारीक करून ऐकायची. म्हणजे ऐकायची नाहीतच. सेनापती कुठल्या लढाईत पडला याचं रोह्यात कोणाला काय?

दहा वर्षांपूर्वी डिसेंबरातल्या एका सकाळी मी माइकपाशी उभा होतो तेव्हा ऑफिसच्या बाहेरच्या बाकावर एक माणूस बसला होता. नववीतल्या एका मुलीचे वडील. रोह्याजवळच्या वरशाच्या पलीकडे एका गावात त्यांची थोडी जमीन, पावसाळ्यात भात आणि नंतर वाल. शिवाय धाटावच्या कारखान्यात कंत्राटावर शिफ्ट. हातात दुमडलेला कागद होता. तो कशाचा, हे मला आदल्या दिवशी क्लार्कने सांगितलं होतं. मुलीचा दाखला काढायचा होता. ती नववीत एकदा नापास झाली होती, पुन्हा त्याच वर्गात बसली होती आणि सहामाहीला परत तीन विषयांत गेली होती. घरी बसेल, वर्षभरात कोणीतरी बघून देऊन टाकू, असा बेत होता. मुलगी नववीच्या रांगेत सगळ्यात मागे उभी होती. वर्गातल्या बाकीच्यांपेक्षा वर्षाने मोठी म्हणून उंच दिसायची आणि दिसू नये म्हणून खांदे पाडून उभी राहायची.

मी तिला शिकवत होतो. ती ढ नव्हती. तिला सनावळ्या लक्षात राहायच्या नाहीत, पण दुष्काळ का पडला असं विचारलं की ती बरोबर पावसापासून सुरुवात करायची. अशी मुलगी जाणार, आणि मी तिच्या जाण्याच्या दिवशी एका सेनापतीची जन्मतारीख वाचणार, या विचाराने मला संताप आला. चिठ्ठी खिशातच ठेवली आणि बोलायला लागलो.

आज एका मोठ्या बाईंचा जन्मदिवस आहे, म्हणालो. उत्तरेकडच्या एका थंड देशात, शेतकऱ्याच्या घरी जन्मल्या. एकाच वर्गात दोनदा नापास झाल्या. लोक म्हणाले, हिला घरी बसवा. वडिलांनी बसवलं नाही. त्या वडिलांबरोबर शेतात जायच्या. भात कापून झालं की जमिनीत जी ओल राहते तिच्यावर शेंगांचं बी टाकायचं, मग वर नुसतं दव पडलं तरी ते वाढतं, हे त्यांनी लहानपणी पाहिलं होतं. पुढे त्यांनी कमी पाण्यावर येणारं बियाणं तयार केलं आणि पहिल्या महायुद्धानंतर लोक उपाशी मरत होते तेव्हा त्या बियाण्याने गावंच्या गावं जगली. नाव पण त्याच दमात ठोकून दिलं.

हे मला इतकं झरझर कसं सुचलं? थोरांची चरित्रं वाचून वाचून त्यांचा साचा हातात बसला होता. गरिबी घाला, एक अपयश घाला, एक हट्टी आई किंवा बाप घाला, शेवटी जगाचं कल्याण. आणि शेंगा कुठून आल्या म्हणाल, तर सकाळी गडबला गाडी थांबली होती तेव्हा खिडकीतून वालाची रोपं दिसली होती. तेवढाच माझा संदर्भग्रंथ.

दिनविशेष संपला. बाकावरचा माणूस उठला, कागद आणखी एकदा दुमडून खिशात घातला आणि ऑफिसात न जाता फाटकातून निघून गेला. मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की त्या दिवशी मी वर्गात कोणावर ओरडलो नाही.

मधल्या सुट्टीत ती मुलगी स्टाफरूमच्या दारात आली. वही घेऊन. त्या बाईंच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग विचारायला. मी सांगितलं. मग तिने विचारलं, त्या नापास झाल्या तेव्हा त्यांची आई काय म्हणाली. मी आई पण रचली. तिने सगळं उतरून घेतलं आणि खाली माझं नाव लिहिलं, कारण माहिती कुठून मिळाली ते लिहायचं हे मीच तिला शिकवलं होतं.

ती नववी पास झाली. दहावीही झाली, फार मार्क नव्हते पण झाली. मला वाटलं, संपलं. पण तिच्या डोक्यातून बाई काही गेली नाही. एकदा सायबर कॅफेत जाऊन शोधून आली आणि म्हणाली, सर, काहीच येत नाही. तेव्हा खरं बोलायची उत्तम संधी होती. मी म्हणालो, सगळं काही इंटरनेटवर नसतं, त्या बाईंवरचं पुस्तक त्यांच्याच भाषेत आहे, भाषांतर झालेलं नाही. तिने मान डोलावली. माझ्यावर तिचा इतका विश्वास होता की मला तिचाच राग आला.

त्यानंतर तेव्हाच्या मुख्याध्यापकांना कल्पना सुचली की व्हरांड्यात जगातल्या थोर व्यक्तींच्या तसबिरी लावाव्यात. कोणाच्या लावायच्या ते मुलांना विचारलं. मुलींनी एकमताने कोण सुचवलं असेल हे मी सांगायला नको. चित्रकलेचे सर माझ्यासारखेच पेणहून यायचे. त्यांच्या घरचा गणपतीचा कारखाना, डोळ्यांची आखणी ते स्वतः करायचे. त्यांनी मला बाईंचा फोटो मागितला. म्हटलं, फोटो उपलब्ध नाही, अंदाजाने काढा. त्यांनी काढला. गोरी बाई, डोक्याला रुमाल, हातात शेंगा आणि डोळे हुबेहूब गौरीचे. खाली मी पाच ओळी लिहून दिल्या. नाही म्हणायला तोंडच नव्हतं. इतर चौदा तसबिरींच्या ओळी लिहिताना मी प्रत्येक तारीख तीन पुस्तकांतून तपासली, हे मुद्दाम सांगतो. त्याने काही फरक पडत नाही, पण सांगतो.

मग दरवर्षी डिसेंबरात तिची जयंती यायला लागली. मुली भाषणं करायच्या. दुसऱ्या एका शाळेतल्या बाईंनी माहिती मागवली, ती मोबाइलवरून पाठवावी लागली, आणि वर्षभराने तीच माहिती मला माझ्या वर्गमित्राकडून परत आली. मधल्या काळात बाईंचा देश बदलला होता आणि त्यांना एक पदक मिळालं होतं. मी ते वाचलं आणि फोन उलटा करून ठेवला. रोज शाळेत शिरताना त्या तसबिरीखालून जावं लागतं. दुसरा रस्ता नाही. मी मान खाली घालून जायचो आणि मुलांना वाटायचं, सर नमस्कार करतात.

ती मुलगी बारावी झाली, मग दापोलीला शेतीचं शिकायला गेली. पदवी घेऊन आली. यंदा सरकारी कृषी खात्यातल्या एका पदाची लेखी परीक्षा पास झाली आणि मुलाखतीचं बोलावणं आलं. ती पेढे घेऊन पेणला आमच्या घरी आली. म्हणाली, सर, तुम्ही माझा सराव घ्या. मुलाखतीला तीन शनिवार शिल्लक होते. मी आनंदाने हो म्हटलं. नेहमी विचारतात त्या प्रश्नांची यादी केली, टेबल मध्ये घेतलं, पलीकडे खुर्ची ठेवली आणि पहिल्या शनिवारी गंभीर चेहरा करून विचारायला लागलो. गाव, शेती, धरणं, बियाणं. ती छान उत्तरं देत होती. सातवा प्रश्न यादीत मीच लिहिला होता: तुमच्यावर कोणाच्या आयुष्याचा प्रभाव आहे?

ती खुर्चीत जरा ताठ बसली आणि त्या बाईंबद्दल बोलायला लागली.

दहा वर्षांत तिने ते किती घोटलं होतं. वाक्यावर वाक्य येत होतं. नापास झाल्याचं ती लपवत नव्हती, उलट तिथूनच सुरुवात करत होती: मी नववीत नापास झाले, त्याही झाल्या होत्या. मी यादी खाली ठेवली. समोर पाच जाणते लोक बसलेत, शेतीच्या विषयातले, त्यातला एक जण विचारतो की ही बाई कोण, कुठलं बियाणं, कुठलं पुस्तक, आणि ही पोर माझं नाव सांगते, हे मला समोर दिसत होतं. दहा वर्षांची मेहनत माझ्या एका थापेपायी मातीमोल होणार होती.

मी म्हटलं, त्या लोकांना या बाई माहीत नसतील. ती म्हणाली, म्हणूनच सांगायचं सर, बाकी सगळ्या मुली तीच चार नावं सांगतात. मी म्हटलं, संदर्भ विचारतील. ती म्हणाली, मग त्या पुस्तकाचं नाव द्या ना मला. मी म्हटलं, शोधतो.

ती गेल्यावर बायको आतून आली. तिला पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक होतं. ती म्हणाली, "सांगून टाका. जितकं लांबवाल तितकं तिच्या अंगाशी येईल, तुमच्या नाही." मी तिच्यावरच चिडलो. खरं बोलणाऱ्या माणसावर चिडणं सोपं असतं.

मी पळवाट शोधायला लागलो. खोटी बाई काढून तिच्या जागी खरी बसवायची. नापास झालेली, शेतकऱ्याघरची, पुढे गेलेली एखादी तरी जगात असेलच. तो सगळा आठवडा मी शाळेच्या ग्रंथालयात आणि घरी चरित्रं चाळली. कधी नव्हे ते नीट वाचली. आणि जे दिसलं त्याने मी चाट पडलो. आपण ज्यांना गरीब म्हणून शिकवतो त्यांच्या मागे कुठेतरी एक मामा असतो. कोणाचा मामा सरदार, कोणाची मावशी शहरात, कोणाला कुणा उमरावाने घरी ठेवून घेतलेलं. पाठ्यपुस्तकात जागा कमी, म्हणून आधी मामा गाळतात. मीही तीस वर्षं गाळत आलो होतो. आणि ज्यांना खरंच कोणी नव्हतं, त्यांची चरित्रं कोणी लिहिलीच नव्हती. नापास होऊन घरी बसलेल्या मुलीचा दिनविशेष कुठल्याच देशात नसतो.

तरी दुसऱ्या शनिवारी मी एका खऱ्या शास्त्रज्ञ बाईंचं नाव पुढे केलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, या नापास झाल्या होत्या का? नव्हत्या. उलट सगळीकडे पहिल्या. ती म्हणाली, सर, मग या मला कशाला?

एकच शनिवार राहिला. मी रविवारी तिच्या गावी गेलो. आधी वडिलांच्या कानी घालावं, मग तिला सांगावं, असा माझा भित्रा बेत. ते वालाच्या शेतात होते. शेंगा भरत आल्या होत्या. बांधावर बसून मी सगळं सांगितलं. दाखल्याचा दिवस, परिपाठ, बाई खोटी, पुस्तक खोटं. मान खाली घालून बोलत होतो, त्यामुळे त्यांचा चेहरा मला दिसला नाही.

ते म्हणाले, "मला तवाच कळलं व्हतं."

मी वर बघितलं.

"थंड मुलूख म्हनालात ना तुमी. आनि भात कापून वाल टाकला म्हनालात. तिकडं भात कुठं व्हतंय, सर? ह्ये तर आमच्याच शेतातलं."

एवढी साधी चूक. युरोप शिकवणाऱ्या माणसाने युरोपात रोह्याचं भात पिकवलं होतं, आणि दहा वर्षांत एकाही शिक्षकाच्या, एकाही मुख्याध्यापकाच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नाही. लाज वाटली, खरीखुरी. मग विचारलं की कळलं होतं तर दाखला न काढता परत का गेलात.

त्यांनी एक शेंग तोडली, बोटाने दाबून पाहिली. "येवडा शिकलेला मानूस. माइकवर, सगल्यांसमोर, माज्या पोरीसाटी खोटं बोलतोय. म्हटलं, पोरीत कायतरी आसल. नायतर कशाला बोलंल?"

ते पुढे बोलत राहिले. तिला सांगू नका, म्हणाले. इतकी वर्षं नाय सांगितलं, आता येन टायमाला कशाला. ती त्या बाईच्या जोरावर चाललीय, मधनंच काठी काढू नका. मुलाखत होऊ दे, मग बघू. मी म्हटलं, मुलाखतीतच पकडली जाईल. ते म्हणाले, नाय पकडत, मोठ्या लोकांना वाटतं आपल्यालाच ठाव नाय, ते गप बसतात. हेही खोटं नव्हतं. माझ्या व्हरांड्यातल्या तसबिरीचा सगळा इतिहास तोच होता.

जाताना त्यांनी पिशवीभर शेंगा दिल्या. आता मी दोन्ही बाजूंनी पुरता कोंडलो. सांगावं तर बापाचा शब्द मोडतो, न सांगावं तर पोरीचा गळा कापतो. परतीच्या एसटीत ती पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो आणि कोणीतरी ओळखीचं म्हणालं, सर, मडक्यात शेंगा भाजून पोपटी लावणार वाटतं. मी हो म्हटलं.

शेवटच्या शनिवारी ती आली तेव्हा मी टेबल मध्ये घेतलं नाही. तिला समोर बसवलं आणि एका दमात सांगितलं. जसं एका दमात रचलं होतं तसंच. पुस्तक नाही, देश नाही, बाई नाही. तुझा दाखला निघू नये म्हणून केलं. चुकलो.

तिने पहिला प्रश्न विचारला तो मुलाखतीबद्दल नव्हता. तिने विचारलं, "त्यांच्या आईचं पण खोटं?"

"हो."

मग ती बराच वेळ टेबलाच्या कडेवर नख ओढत बसली. मी बडबडत राहिलो, की दुसरं उत्तर तयार करू, अजून चार दिवस आहेत, अमुक बाई आहेत, तमुक आहेत. तिने मला थांबवलं. तिचे डोळे भरले होते पण आवाज अजिबात कापत नव्हता.

"सर, दापोलीला पहिल्या वर्षी माझे दोन पेपर राहिले होते. मी बॅग भरली होती. मग म्हटलं, त्या दोनदा राहिल्या, तरी गेल्या पुढे. म्हणून बॅग सोडली. म्हणजे तेव्हा माझ्या पुढे कोणीच नव्हतं. मी एकटीच चालले होते, आणि तुम्हाला ते माहीत होतं."

मला वाटत होतं की मी तिला सोबत दिली. मी तिला एकटीला सोडून दिलं होतं आणि वर सोबत आहे असं सांगितलं होतं. बायकोने चहा आणला. ती उठली, बायकोला वाकून नमस्कार केला, मला नाही, आणि गेली. चहा तसाच राहिला.

तिची मुलाखत झाली. कशी झाली ते कळलं नाही. मी दोनदा फोन केला, तिने उचलला नाही. महिनाभराने निकाल लागला आणि तिची निवड झाल्याचं मला शाळेतल्या शिपायाकडून कळलं. मला रडू आलं. कोणाला दिसू नये म्हणून ग्रंथालयात जाऊन बसलो.

आता शाळेने तिचा सत्कार ठरवला. हल्लीच्या मुख्याध्यापिका उत्साही आहेत. मी त्यांच्याकडे गेलो आणि म्हटलं, व्हरांड्यातल्या त्या बाईंच्या तसबिरीला वाळवी लागलीय, सत्काराआधी उतरवू या. त्या म्हणाल्या, छे, उतरवायची कशाला, नवी चौकट करून घेऊ, मुलींचा तिच्यावर फार जीव आहे. दोन दिवसांत नवी चौकट आली. काच पण नवी. आणि पाहुणीचा परिचय करून द्यायचं काम माझ्याकडे आलं, कारण ती माझीच विद्यार्थिनी. आजारी पडावं असं मनात आलं होतं. पण मे महिन्यात मी निवृत्त होणार, आणि आयुष्यातला शेवटचा परिपाठ तापाचं सोंग घेऊन चुकवायचा, हे स्वतःलाच बरं वाटेना.

सत्कार परिपाठाच्याच वेळी, व्हरांड्यासमोरच्या पटांगणात होता. ती साडी नेसून आली होती. खांदे पाडलेले नव्हते. वडील पहिल्या रांगेत खुर्चीवर, पांढऱ्या सदऱ्यात. ती माझ्याकडे बघत नव्हती. मी कसाबसा परिचय वाचला. मग ती बोलायला उभी राहिली. म्हणाली की याच शाळेत नववीत नापास झाले, पुन्हा बसले. मुलाखतीत मला विचारलं, प्रेरणा कोणाची, तर मी म्हटलं कोणाचीच नाही. माझ्या आधी या वाटेने गेलेलं मला कोणी माहीत नाही. ते थोडं हसले, मग एकाने वालाबद्दल विचारलं आणि आम्ही वालावर बराच वेळ बोललो.

मुलींच्या रांगेत चुळबुळ सुरू झाली. माना वळून तसबिरीकडे जायला लागल्या. मुख्याध्यापिका खुर्चीतून पुढे झुकून हळूच म्हणाल्या, अगं, आपल्या बाईंबद्दल सांग ना दोन शब्द, मुली वाट बघतायत.

ती थांबली. पहिल्यांदा माझ्याकडे वळली. चेहऱ्यावर राग नव्हता, दयाही नव्हती.

"त्या बाईंबद्दल सर सांगतील," ती म्हणाली. "त्यांना सगळं माहीत आहे." आणि माइक माझ्यासमोर धरला.

मी तिच्या वडिलांकडे पाहिलं. ते मान अगदी थोडी हलवत होते, नको म्हणून. मागच्या रांगांत काही उंच मुली उभ्या होत्या. त्यांतली कोण कुठल्या वर्गात कितव्यांदा बसलीय हे मला ठाऊक होतं, आणि त्यांतल्या कोणाला या बाईची किती गरज आहे हेही. माइक घेतला. म्हणालो, "मुलांनो, या बाई कधी झाल्याच नाहीत."

सगळं पटांगण हसलं. सर कधी नव्हे ते गंमत करतायत, असं त्यांना वाटलं. म्हणून मला ते पुन्हा एकदा सांगावं लागलं.